एका नाकासाठी तीन अर्ज

सालोमेला इस्पितळातून घरी आणलं त्या दुपारी आळीतल्या एकूणएक माणसाने येऊन तिच्या टाळूचा वास घेतला. कुणी सांगितलं नव्हतं, पण तान्हं मूल हातात आलं की नाक आपोआप खाली जातंच. वरच्या मजल्यावरच्या रोसाल्बाबाईंनी डोळे मिटून एवढा लांब श्वास ओढला, की पोर त्यांच्या नाकात जाते की काय अशी बिबियानाला, म्हणजे पोरीच्या आईला, भीती वाटली. "अगं बाई गं!" एवढंच म्हणून रोसाल्बाबाई खुर्चीत बसल्या आणि हातातल्या पिशवीतून रुमाल काढून डोळे पुसू लागल्या.

शेवटी पोर आजोबांच्या हातात आली आणि सगळे जवळ सरकले. कारण अर्नुल्फो सालदारियागा यांचं नाक हे काही तुमच्या-आमच्यासारखं, फक्त चष्मा टेकायला दिलेलं नाक नव्हतं. कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थेत अख्खी नोकरी त्यांनी कॉफी चाखून दर्जा ठरवण्यात घालवली होती. पेल्यावर एकदा वाकले, की कॉफी डोंगराच्या कुठल्या अंगाची, पोती वाटेत भिजली होती का, आणि वाळवणारा माणूस दुपारी झोपत होता का, हे सगळं ते सांगत. आमच्या मानिसालेस गावात बिशपच्या शब्दावर शंका घेणारे होते, पण या नाकावर शंका घेणारा कुणी नव्हता.

अर्नुल्फोंनी चष्मा काढला, नातीच्या टाळूवर नाक टेकवलं आणि श्वास घेतला. काही नाही. टाळू कोमट होती, मऊ होती, खालून काहीतरी धडधडत होतं. वास मात्र नव्हता. त्यांनी पुन्हा घेतला, मग जरा डावीकडून घेतला.

"काय म्हणतंय नाक?" रोसाल्बाबाईंनी विचारलं.

"छान," अर्नुल्फो म्हणाले.

"नुसतं छान? शेजारी, बस स्टँडवरच्या कॉफीवर तुम्ही पाऊण तास बोलता!"

"मला गहिवरून आलंय," अर्नुल्फो म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

खरी गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला, लिबियाला, ठाऊक होती. अर्नुल्फोंच्या नाकात आतून मांस वाढत होतं. दोनदा कापून काढलं, दोनदा परत आलं. निवृत्त होण्याच्या सुमाराला वास गेला तो गेलाच. आता कॉफी चाखणाऱ्याने आपलं नाक गेलं असं सांगत फिरणं म्हणजे पाद्र्याने देव नाही असं जाहीर करण्यासारखं. तेव्हा ते गप्प राहिले. लोक कॉफी घेऊन येतच होते. अर्नुल्फोंनी तोडगा काढला होता. ते पेल्यावर वाकत, पण बघत कॉफी आणणाऱ्याच्या तोंडाकडे. तोंड आशेने फुललेलं असलं, की "संत्र्याची साल आहे, शेवटी थोडा गूळ" असं सांगत. माणूस चुळबुळत असला, की "भाजताना घाई झाली तुमची" म्हणत. तो तिथेच कबूल करायचा. नाक गेल्यापासून त्यांचा एकही अंदाज चुकला नव्हता. उलट कीर्ती वाढली होती.

कॉफीचं त्यांना एवढं दुःखही नव्हतं. आयुष्यभराचे वास डोक्यात साठवलेले होते. डोळे मिटले की हवा तो वास वर काढता येई. बिबियाना जन्मली तेव्हाचा तिच्या टाळूचा वाससुद्धा त्यांच्याकडे होता: तव्यावरून नुकतीच काढलेली मक्याची आरेपा भाकरी, थोडं दूध, आणि उन्हात वाळवलेलं कापड. पण सालोमेचा वास त्यांच्याकडे जमा नव्हता. तो आलाच नाही तर आठवणार कसा? आणि लिबिया म्हणायची ते खरंच होतं: टाळूचा वास म्हणजे थोड्या महिन्यांचा पाहुणा. दात आले, वरचं अन्न सुरू झालं की जातो, आणि परत येत नाही.

म्हणून ते रोज संध्याकाळी नात मांडीवर घेऊन बसत, टाळूवर नाक टेकवून हुंगत, आणि घरातल्यांना छळत.

"कसा आहे वास? नीट सांग."

"गोड आहे, बाबा," बिबियाना म्हणे.

"गोड ही चव आहे. वास सांग."

"बाळासारखा."

"ती बाळच आहे! भात भातासारखा लागतो असं सांगितल्यासारखं झालं हे." मग ते लिबियाकडे वळत. "तू सांग."

लिबिया पोरीवर वाकायची, बराच वेळ तिथेच राहायची. "नाही हो सांगता येत," ती म्हणायची. "आपलं माणूस घरात आल्यासारखा."

एवढ्यावर एखाद्या माणसाने समाधान मानलं असतं. अर्नुल्फो डॉक्टरकडे गेले.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. आमच्याकडे टाय बांधलेल्या कुठल्याही माणसाला डॉक्टर म्हणतात. वकील डॉक्टर, बँकेचा मॅनेजर डॉक्टर, नगरपालिकेतला दाखले देणाराही डॉक्टर. रस्त्याने चाललं तर पावलोपावली डॉक्टर भेटतो. फक्त जो खरोखरचा डॉक्टर आहे, त्याची वेळ मिळायला पोर पालथी पडायला लागावी लागते. तशी ती पडायला लागली, आणि नाकाच्या डॉक्टरांनी अर्नुल्फोंना तपासून सांगितलं, की नव्या प्रकारचं एक इंजेक्शन आहे, पंधरवड्याला एक घ्यायचं. मांस आक्रसतं, वास परत येऊ शकतो. "महाग आहे. पण तुमचा विमा आहे ना, सरकारी योजनेतला? ते देतील," असं म्हणून डॉक्टर हसले. ते का हसले हे अर्नुल्फोंना विमा संस्थेच्या खिडकीवर कळलं.

"नाकाचं आहे का?" खिडकीतल्या मुलीने विचारलं. "श्वास घेता येतो?"

"तोंडाने येतो."

"मग झालं की!" तिला मनापासून आनंद झाला. "समितीने नामंजूर केलंय. वास ही जीवनावश्यक बाब नाही असं लिहिलंय."

"बाळ, मी कॉफी चाखणारा होतो."

"होतात ना? आता निवृत्त आहात," ती म्हणाली. "पुढचा."

अर्नुल्फो घरी आले आणि बिबियाना आणि लिबियाला समोर बसवून म्हणाले, की ही गोष्ट या चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये. बिबियानाला आपल्या बापाचं नाक गेलं आहे हे तेव्हाच कळलं, ती रडली. लिबियाने शब्द दिला, आणि पाळलाही. तिने फक्त रोसाल्बाबाईंना सांगितलं.

रोसाल्बाबाई या तुतेला करण्यात मुरलेल्या बाई. तुतेला म्हणजे न्यायाधीशाकडे सरळ टाकायचा अर्ज: माझा हक्क डावलला, मिळवून द्या. वकील लागत नाही, फी लागत नाही, दहा दिवसांत निकाल. आमच्याकडे आजारी माणूस आधी मेणबत्ती लावतो, मग तुतेला करतो. काहीजण वेळ वाचवण्यासाठी क्रम उलटा करतात. रोसाल्बाबाईंचा गुडघा तुतेलेचा होता, चष्मा तुतेलेचा होता, आणि भाच्याची कवळी तर वरच्या कोर्टातून आली होती.

"शेजारी, नाकाचं कळलं," जिन्यात गाठून त्या हळू आवाजात म्हणाल्या. तेवढ्यानेही तिसऱ्या मजल्यावरचा दरवाजा उघडला, कान द्यायला. "लाजायचं काय त्यात? तुतेला टाका. टाकल्याशिवाय इथे कुणाला कापूससुद्धा मिळत नाही. मी करू का तुमच्यासाठी?"

"मी अजून हयात आहे," अर्नुल्फो ताठ होऊन म्हणाले. "माझं मी बघेन."

ते गेले कोर्टासमोरच्या फुटपाथवर. तिथे मोठ्या छत्रीखाली टाइपरायटर घेऊन हिल्दार्दो बसायचा. कायद्याच्या कॉलेजात तो एकदा एक वर्ष जाऊन आला होता, आणि त्या वर्षाचा त्याला भयंकर अभिमान होता. सगळे त्याला डॉक्टरच म्हणत.

"मरताय का?" कागद चढवत हिल्दार्दोने विचारलं.

"नाही."

"मरण्याची शक्यता?"

"ती काय, सगळ्यांनाच असते."

"उत्तम," हिल्दार्दो म्हणाला आणि टाइप करू लागला.

"डॉक्टर, खरं कारण असं आहे," अर्नुल्फोंनी घसा साफ केला, इकडेतिकडे बघितलं. "मला नात झाली आहे. तिच्या टाळूचा..."

टाइपरायटर थांबला. "साहेब, नातीबद्दल अभिनंदन. पण आजोबांना नातीचा वास घेता यावा म्हणून देशाने सुई टोचावी असं मी लिहिलं, तर उद्यापासून मला ही छत्री दुसऱ्या गावात उघडावी लागेल. न्यायाधीशाला हळवं करायचं नसतं, घाबरवायचं असतं. घरात गॅस आहे?"

"आहे."

"गळतो?"

"नाही."

"गळला तर तुम्हाला कळेल?"

उत्तराची वाट न बघता हिल्दार्दोने बोटं मोडली आणि अर्ध्या तासात असा काही अर्ज लिहिला, की वाचताना अर्नुल्फोंना स्वतःच्या स्वयंपाकघराची धास्ती वाटू लागली. त्यात एक स्फोट होता, तीन मजले कोसळत होते आणि ढिगाऱ्याखाली एक तान्हं मूल होतं. नात अर्जात अशी आली. शेवटी नेहमीची शपथ होती: याच कारणासाठी मी दुसरी तुतेला केलेली नाही. अर्नुल्फोंनी ती दोनदा वाचली, कारण ते शपथ गंभीरपणे घेणाऱ्या पिढीतले होते, आणि सही केली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण आमच्या लोकांना एक खोड आहे. शेजाऱ्याचं काम अडलं, की ते आपणच करून टाकायचं आणि नंतर सांगून त्याला चकित करायचं. रोसाल्बाबाईंनी आपला अर्ज त्याच आठवड्यात टाकला. जो माणूस स्वतः येऊ शकत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याला अर्ज करता येतो. म्हणून त्यांनी अर्नुल्फोंना असहाय, विसराळू आणि अंथरुणाला खिळलेला वृद्ध करून टाकलं. शिवाय वास येत नसल्यामुळे हा वृद्ध घरची शिळी कोंबडी खाऊन मरता मरता वाचला, असंही घातलं. आणि बिबियानाने, बापाला कागदपत्रांचा त्रास नको म्हणून, पोरीला पाजता पाजता मोबाइलवरून तिसरा अर्ज भरला: माझे वडील कॉफी चाखून पाच जणांचं पोट भरतात, नाकाशिवाय आमची उपासमार होते आहे.

तिन्ही अर्ज तीन कोर्टांत गेले. तिन्हीकडे विमा संस्थेचा तोच तरुण वकील होता. त्याला एवढ्या लहान नोकरीत एवढं मोठं सुख कधी मिळालं नसावं. पहिल्या कोर्टाच्या न्यायाधीशबाईंनी तिन्ही अर्ज आपल्याकडे मागवून सगळ्यांना एकत्र बोलावलं. एकाच कारणासाठी दोनदा तुतेला केली तरी अर्ज उडतो, दंड होतो. इथे तर तीन होत्या.

कोर्टाच्या खोलीत अर्नुल्फो इस्त्रीचा सूट घालून आले. एका बाजूला लिबिया, दुसऱ्या बाजूला सालोमेला घेऊन बिबियाना, मागे रोसाल्बाबाई, आणि सगळ्यांत मागे हिल्दार्दो; त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण आपलं लेखन मोठ्याने वाचलं जाण्याची संधी तो सोडणार नव्हता.

"तिन्ही अर्जांत नाक एकच दिसतंय," न्यायाधीशबाई कागद चाळत म्हणाल्या. "माणसं मात्र तीन आहेत. एक स्फोटात मरणार आहे, एक कमावतो आहे, आणि एक अंथरुणाला खिळलाय. यांतले सालदारियागा कोण?"

"तिन्ही मीच, डॉक्टर," अर्नुल्फो उभे राहून म्हणाले.

"अंथरुणाला खिळलेले तर दिसत नाही."

"सकाळी उठायला त्रास होतो त्यांना," रोसाल्बाबाई मागून म्हणाल्या.

"आणि ही शिळी कोंबडी..."

"कुठली कोंबडी?" आता लिबिया उभी राहिली. "माझ्या घरात शिळी कोंबडी? रोसाल्बा! गेल्या रविवारी दोनदा मागून घेतलास तो सान्कोचोचा रस्सा कुठल्या कोंबडीचा होता गं?"

"लिबिया, कायद्यासाठी लिहावं लागतं..."

"कायद्यासाठी आपली कोंबडी शिळी कर!"

न्यायाधीशबाईंनी टेबलावर हात आपटला. वकील उठला आणि अत्यंत आदराने म्हणाला, की अर्जदाराने शपथेवर खोटं सांगितलं आहे, आणि तिन्ही अर्ज फेटाळून दंड करावा. शपथ हा शब्द ऐकल्यावर अर्नुल्फोंच्या कानशिलाला घाम फुटला. आयुष्यात त्यांनी कॉफीबद्दल बरंच काही खोटं सांगितलं होतं, पण देवाचं नाव घेऊन कधी नाही.

"सालदारियागा, तुम्हाला हे औषध कशासाठी हवंय?" बाईंनी विचारलं. "हे कागद बाजूला ठेवा. तुम्ही सांगा."

हिल्दार्दो मागून हातानेच स्फोट करून दाखवत होता. अर्नुल्फोंनी तिकडे बघितलं नाही.

"बाई, मला मरायची भीती नाही," ते म्हणाले. "आमचा गॅस लिबिया रोज दोनदा तपासून बंद करते. कोंबडी ताजी असते. पेन्शन आहे, उपासमार नाही. मला नातीच्या टाळूचा वास घ्यायचाय. तो फार दिवस राहत नाही. मला बाकी सगळे वास आठवतात, पण हा आठवत नाही, कारण तो मला कधी आलाच नाही. मी रोज घेतो. रोज काही नसतं. काचेच्या पलीकडून बघितल्यासारखं वाटतं. एवढंच आहे. हे लिहायची मला लाज वाटली."

कोर्टाच्या लेखनिकाची बोटं थांबली. सालोमे आईच्या मांडीवर स्वतःशीच हुंकारत होती.

"नामदार," वकील म्हणाला, "हा वैद्यकीय निकष होत नाही. ही एक भावना आहे."

"तुम्हाला मुलं आहेत का?"

"नाही, डॉक्टर."

"मग बसा."

बाईंनी दोन अर्ज फेटाळले, रोसाल्बाबाईंना समज दिली, आणि पहिला, अर्नुल्फोंनी स्वतः सही केलेला, मंजूर केला. अठ्ठेचाळीस तासांत औषध द्यावं, असा हुकूम झाला. हिल्दार्दोने बाहेर येऊन जमलेल्यांना सांगितलं, की हा अर्ज त्याचा होता. अर्नुल्फोंना मिठ्या मारल्या गेल्या. फक्त रोसाल्बाबाई मिठी मारता मारता थांबल्या.

"म्हणजे शेजारी, तुम्हाला इतकी वर्षं वासच येत नव्हता? मग माझ्या भावाच्या कॉफीत संत्र्याची साल आहे म्हणालात ते?"

"त्याचा चेहरा बघून."

"अहो, त्याने पाकिटावर छापलंय ते! जर्मनीला जाते ती कॉफी!"

"जर्मनांना आवडते ना?"

"फार."

"मग असेल संत्र्याची साल," अर्नुल्फो म्हणाले. त्यांची अब्रू गेली होती, पण जाताना फार दुखलं नाही.

अठ्ठेचाळीस तासांचं काय असतं, की ते कुठून मोजायचे हे हुकमात लिहिलेलं नसतं. विमा संस्थेच्या औषधखान्यात पहिल्या दिवशी सांगितलं, पेंडिंग आहे. पुढच्या आठवड्यात सांगितलं, आलंय, पण दुसऱ्या शाखेत. दुसऱ्या शाखेत सांगितलं, आलं होतं, परत गेलं. अर्नुल्फो पुन्हा न्यायाधीशबाईंकडे गेले. हुकूम मोडल्याबद्दल संस्थेच्या संचालकांना अटक करू असा कागद निघाला, तर तो ज्यांच्या नावाने निघाला ते संचालक नोकरी सोडून गेले होते. नव्या संचालकांच्या नावाने कागद निघेपर्यंत तेही गेले. रोसाल्बाबाई प्रत्येक फेरीला डब्यात आरेपा घेऊन सोबत येत आणि रांगेतल्या सगळ्यांना कोंबडीचा किस्सा सांगत. किश्शात आता लिबिया त्यांच्या अंगावर धावून गेलेली होती.

इकडे सालोमे बसायला लागली. मग रांगायला लागली. रोज संध्याकाळी अर्नुल्फो तिला मांडीवर घेत, टाळूवर नाक ठेवत, आणि मग लिबियाला हाक मारत.

"आहे अजून?"

लिबिया वाकून वास घेई. "आहे."

मग एका संध्याकाळी, "आहे. थोडा."

मग पहिला दात आला. केळ्याचा गर सुरू झाला. लिबिया आता वाकायची, आणि लगेच सरळ होऊन म्हणायची, "आहे हो, आहे." अर्नुल्फो तिच्या तोंडाकडे बघत. दुसऱ्याचं तोंड बघून वास ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण ते नुसतं "बरं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी औषधखान्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले. रांगेत त्यांना सारखं वाटे की घरी काहीतरी संपत चाललंय आणि आपण इथे खिडकीकडे बघत बसलो आहोत.

एके दिवशी इंजेक्शन खरंच आलं. खिडकीतल्या मुलीने ते दाखवलंसुद्धा, पण दिलं नाही.

"थर्माकोलचा डबा आणि बर्फ कुठाय? थंड न्यावं लागतं हे. डब्याशिवाय देता येत नाही."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही. आज नेलं नाही तर परत जाईल."

अर्नुल्फो तसेच बाहेर धावले. सतरा मिनिटं चढाचा रस्ता आणि घरी थर्माकोलचा डबा नाही. कोपऱ्यावर आइस्फ्रूट विकणारा होता. त्याचा डबा त्यांनी आतल्या मालासकट घेतला, कारण माल काढायला वेळ नव्हता. खिडकीवरून इंजेक्शन घेऊन, आइस्फ्रुटांच्या मधोमध ठेवून ते घरी निघाले, तेव्हा शाळा सुटली होती. इस्त्रीचा कोट घातलेला म्हातारा आइस्फ्रूट घेऊन पळतोय हे बघून निम्मी शाळा मागे लागली. घरी पोचेपर्यंत त्यांनी अकरा आइस्फ्रुटं विकली होती, आणि रोसाल्बाबाईंनी खिडकीतून ओरडून विचारलं, की पेन्शन बंद झाली का?

पहिल्या इंजेक्शनने काही झालं नाही. दुसऱ्यानेही नाही. औषधखान्याच्या खेपा चालूच होत्या, आता डबा घेऊन. एका सकाळी अर्नुल्फो टेबलाशी बसले होते, आणि एकदम उठून उभे राहिले.

"जळतंय!" ते ओरडले. "लिबिया, जळतंय!"

लिबिया धावत आली. तव्यावर आरेपा काळी पडली होती. अर्नुल्फो तव्यावर वाकून त्या धुरात नाक घालून उभे होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मका," ते म्हणत होते. "जळलेला मका. खाली लोणी. आणि तू परवाच्या तेलात काहीतरी तळलंस."

"कालच्या," लिबिया म्हणाली आणि तीही रडायला लागली.

मग दोघांनाही एकच गोष्ट आठवली. सालोमे पलीकडच्या खोलीत जमिनीवर बसली होती. अर्नुल्फो गेले, गुडघे टेकून तिच्याजवळ बसले.  त्यांनी टाळूवर नाक ठेवलं आणि श्वास घेतला, तसा बराच वेळ धरून ठेवला.

साबण होता. पेरूचा मुरंबा होता, केसांना लागलेला. घाम होता, दुपारी रस्त्यावरून येणाऱ्या पोरांचा असतो तसा. एक धडधाकट, खाणारं-पिणारं माणूस होतं. आरेपा, दूध, उन्हातलं कापड, तसलं काही नव्हतं. ते कितीतरी आधीच गेलं होतं.

लिबिया दारात उभी होती. "आहे?" तिने विचारलं.

अर्नुल्फोंनी मान हलवली. "थोडा उशीर झाला."

"मी सांगायला हवं होतं. मला धीरच झाला नाही."

"मला कळलं होतं गं," ते म्हणाले. मग तिथेच जमिनीवर बसून राहिले. त्यांना एवढं वाईट वाटत होतं, की ते कुणाला सांगताही येत नव्हतं. हरवलेल्या गोष्टीचं दुःख निदान माणसाला ठाऊक असतं. हे तर कधी हातात आलंच नव्हतं. कुणावर तुतेला करायची याच्यासाठी?

सालोमे त्यांच्याकडे बघत होती. मग ती रांगत त्यांच्या मांडीवर चढली, त्यांचे दोन्ही कान धरले, डोकं खाली ओढलं, आणि त्यांच्या टकलावर आपलं नाक टेकवून जोरात, लांब श्वास घेतला. जन्मल्यापासून रोज संध्याकाळी आजोबांनी तिला हेच तर करून दाखवलं होतं. आपलं माणूस भेटलं की असं करायचं असतं, एवढं तिला कळलं होतं.

"लिबिया," अर्नुल्फो हलले नाहीत, "ती वास घेते आहे माझा."

"घेऊ द्या," लिबिया म्हणाली.

सालोमेने डोकं वर करून आजोबांकडे बघितलं, आणि पुन्हा एकदा घेतला. त्यांना विचारावंसं वाटलं की कसा आहे वास, नीट सांग; पण तिला अजून बोलता येत नव्हतं. ते तसेच मान खाली घालून बसून राहिले, तिला पाहिजे तेवढा वेळ.